टिपरी, डिस्को आणि बबला-कांचन

घटस्थापनेला अजून पंधरा-वीस दिवस असतात, तोच घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवली येथील मैदानांवर बांबू, पत्रे आणि ताडपत्र्या येऊन पडू लागतात. दुकानांच्या काउंटरवर प्रवेशिकांची पुडकी दिसू लागतात. या वर्षी कोणत्या मैदानावर कोणाचा वाद्यवृंद, त्याचे मानधन किती, प्रायोजक कोणता बिल्डर आणि कोणता सराफ, याची चर्चा लोकलच्या डब्यांतून चालते. उपनगरांतील हा नवरात्राचा व्यवसाय आता इतका स्थिरावला आहे की तो अनादी काळापासून असाच चालत आला असावा, असे नव्या पिढीस वाटते. वास्तविक मातीच्या गरबीभोवती टाळ्या वाजवीत फिरणाऱ्या स्त्रिया आणि आजचे हे विजेच्या झगमगाटातील मैदान, यांच्या मध्ये एक निश्चित वळण आहे. ते वळण १९८०च्या आसपासचे असून त्यास ‘डिस्को-दांडिया’ असे नाव पडले. त्याचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते बबला शहा, आणि त्यांच्या वाद्यवृंदाचा कंठ झालेल्या त्यांच्या पत्नी कांचन, या दांपत्याची ही कथा आहे.

बबला हे घरगुती नाव. खरे नाव लक्ष्मीचंद वीरजी शहा. व्यापारी घराण्यात मुलाचे नाव लक्ष्मीचंद ठेवताना वडिलांच्या मनात काय असते, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. वीरजीभाई शहा हे कच्छमधील कुंदरोडी गावचे जैन गृहस्थ. मुंबईस येऊन त्यांनी किराणा मालाचे दुकान थाटले, आणि मुलांचे बालपण गिरगावच्या मराठी-गुजराती मिश्र वस्तीत गेले. या घराण्याच्या संगीतप्रवेशाची जी हकीकत सांगितली जाते, ती पेढीवर बसणाऱ्या कोणासही हसू आणील अशी आहे. दुकानाची उधारी थकलेला एक गिऱ्हाईक संगीतशिक्षक असल्याचे सांगत असे. पैसे देणे जमेना, तेव्हा त्याने उधारीच्या बदल्यात वीरजीभाईंच्या मुलांना गाणे शिकविण्याचे कबूल केले. त्या गृहस्थास संगीताचे ज्ञान बेताचेच होते, असेही त्या हकीकतीत पुढे येते. बुडीत खात्यातील वसुली म्हणून पाहिले तर हा व्यवहार फारसा बरा नव्हता. परंतु मुलांना गोडी लागली, आणि वीरजीभाईंचे दोन पुत्र पुढे कल्याणजी-आनंदजी या नावाने हिंदी चित्रपटसृष्टीत प्रतिष्ठित झाले.

थोरल्या बंधूंची कारकीर्द येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही, मात्र धाकट्याची पार्श्वभूमी म्हणून काही नोंदी आवश्यक आहेत. १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटात हेमंतकुमारांच्या संगीतात जी पुंगी वाजते, तिचा आवाज कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यातून काढला होता. म्हणजे गारुड्याची पुंगी यंत्रातून काढण्याची विद्या या घरात डिस्कोच्या वीस-पंचवीस वर्षे आधीच आलेली होती. १९५८च्या ‘सम्राट चंद्रगुप्त’नंतर दोघा भावांनी जोडीने काम सुरू केले. त्यांच्या पहिल्या चित्रपटांपैकी एकाचे नाव ‘सट्टा बाजार’ असावे, हा योगायोगही गमतीचाच. १९६८च्या ‘सरस्वतीचंद्र’साठी राष्ट्रीय पुरस्कार, ‘कोरा कागज’साठी फिल्मफेअर, १९९२ मध्ये पद्मश्री, असा तो आलेख आहे. कल्याणजी २००० साली निवर्तले.

या घराण्याने संगीताचा धंदा अगदी पेढीसारखा चालविला, असे म्हटल्यास ते अवमानकारक समजू नये. चाली बांधणे थोरल्या दोघांकडे. ताल आणि तालवाद्यांची मांडणी बबलांकडे. पुढील पिढीत कल्याणजींचे पुत्र विजू शहा यांनी सिंथेसायझरचे खाते सांभाळले, आणि ‘त्रिदेव’मध्ये त्याचा कस दिसला. मंचीय कार्यक्रमांची शाखा निराळी, तिचे दौरे निराळे. एकत्र कुटुंबाच्या पेढीत जो गुण असतो तो येथे होता, आणि जो दोष असतो तोही होता. पाटीवर दोघांचीच नावे असत आणि आत राबणारे पुष्कळ असत. बबलांनी स्वतःच्या नावाचा वाद्यवृंद उभारला, यामागील कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. घरच्या पेढीशी संबंध न तोडता निराळ्या मालाचे निराळे दुकान मांडणे, ही तर व्यापारी कुटुंबातील धाकट्या भावाची जुनीच रीत आहे.

कांचन या मराठी घरातील कन्या. या पृष्ठांच्या वाचकांपैकी बहुतेकांनी त्यांचा आवाज ऐकलेला आहे, परंतु नाव सांगा म्हटले तर दहांतील नऊ जण अडखळतील. १९७५च्या ‘धर्मात्मा’मध्ये मुकेश यांच्यासमवेत त्यांनी दोन युगुलगीते गायिली आणि ती दोन्ही घरोघर पोहोचली. १९८० साली फिरोज खान यांच्या ‘कुर्बानी’त अमितकुमार यांच्यासह ‘लैला ओ लैला’ हे गीत त्यांनी गायिले. त्याच चित्रपटात बिद्दू यांनी बांधलेले आणि पंधरा वर्षांच्या नाझिया हसनने गायिलेले गीत होते. चित्रपटातील उरलेले संगीत कल्याणजी-आनंदजींचे होते. पुरस्कार आणि वृत्तपत्रांतील स्तंभ नाझियाच्या वाट्यास आले, आणि त्या मुलीच्या गुणांविषयी दुमत नाही. परंतु लग्नाच्या वरातीत आणि गल्लीतील वाद्यवृंदात वर्षानुवर्षे जे गीत वाजत राहिले, ते कांचन यांचे. त्यांच्या आवाजात शास्त्रीय पेच फारसे नव्हते. त्यात एक मोकळा, किंचित खट्याळ, समोरच्या श्रोत्याशी बोलत असल्यासारखा भाव होता. मैदानावर हजारो लोकांपुढे उभे राहून गाणाऱ्या गायिकेस तोच लागतो.

डिस्को म्हणजे नेमके काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे तो शब्द चमकदार कपड्यांसाठीच अधिक वापरला गेला. १९७०च्या दशकात न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया या शहरांतील नृत्यगृहांत हे संगीत घडले. मिनिटाला सुमारे १२० ठोके, आणि चार मात्रांच्या प्रत्येक आवर्तनात चारही मात्रांवर मोठ्या ढोलाचा सारखाच जोरकस आघात, हे त्याचे मुख्य लक्षण. तेथे वादक नसत. तबकड्या वाजविणारा एक मनुष्य असे, त्यास डीजे म्हणतात. तो दोन फिरत्या तबकड्यांची गती जुळवून एकीतून दुसरीत अशा खुबीने जाई की नाचणाऱ्यांचा पाय क्षणभरही अडू नये. १९७७च्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ या चित्रपटाने हे वेड जगभर नेले. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या सामन्याच्या वेळी डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला, आणि अमेरिकेत डिस्कोची उतरती कळा लागली. मात्र त्याच शिकागोत ‘वेअरहाउस’ नावाच्या नृत्यगृहात फ्रँकी नकल्स हा डीजे जुन्या डिस्को तबकड्यांना ताल-यंत्राचे ठोके जोडून वाजवीत राहिला. त्या नृत्यगृहाच्या नावाच्या उत्तरार्धावरून ‘हाउस’ हे नाव पडले. पॅरिसच्या ‘डाफ्ट पंक’ या जोडगोळीने पुढे याच प्रकारातून जगभर कीर्ती मिळविली आणि २०२१ मध्ये जोडी विसर्जित केली.

अमेरिकेत डिस्कोची तिरडी बांधली जात असताना मुंबईत त्याचे बारसे होत होते, आणि बारशाला टिपऱ्या हजर होत्या.

दांडियात डिस्को मिसळणे वाटते तितके सोपे नाही. गरब्यात प्रामुख्याने दोन ठेके चालतात, सहा मात्रांचा हींच आणि आठ मात्रांचा केरवा. केरव्याचे काम सोपे आहे. डिस्कोच्या एका आघातात केरव्याच्या दोन मात्रा बसवल्या की चार आघातांत आवर्तन पुरे होते, ढोलकवाला आपले बोल वाजवीत राहतो आणि खाली मोठा ढोल घड्याळासारखा चालतो. हींच मात्र सहाचा. तेथे एका आघातात तीन मात्रा धराव्या लागतात, दोन आघातांत सहा. असे केल्यास पायाखालची जमीन सपाट राहते आणि वरची चाल झुलती राहते. पाहुण्याला सरळ ठोका ऐकू येतो, कच्छ-काठियावाडच्या माणसाला त्याचा झुला ऐकू येतो, आणि दोघेही एकाच रिंगणात नाचू शकतात. हे जुळविणे तालवाद्यकाराचेच काम होते. कवी किंवा चाल बांधणारा तेथे दुय्यम ठरतो.

दुसरी अडचण गतीची. गरबा हळू सुरू होतो आणि चढत जातो, शेवटी तर पावले दिसेनाशी होतात. डिस्कोची गती आरंभापासून अखेरपर्यंत एकच. यंत्रातील ठोका आपणहून चढत नाही, त्यास चढविणारा हात लागतो. तबकड्यांवर जगणाऱ्या परदेशी डीजेहून बबलांचे काम येथे निराळे होते. ते स्वतः ताल धरून मंचावर उभे असत. विजेवरील तालवाद्ये, काँगो, ढोल आणि ढोलक यांच्या मिश्रणावर हात असल्यामुळे रिंगण थकले की गती उतरवावी आणि दम आला की चढवावी, हे त्यांना मैदानाकडे पाहून ठरविता येई. न्यूयॉर्कचा डीजे दोन तबकड्यांनी जे साधे, ते येथे वीस-पंचवीस वादकांच्या संचाने साधले जाई. एका गीताचा धृपद संपताच थांबा न घेता दुसऱ्या गीताचे तोंड. पारंपरिक गरबा, मग चित्रपटगीत, मग पुन्हा गरबा, ठोका अखंड.

याच अखंडतेने ध्वनिफितींच्या बाजारातही मोठे काम केले. लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूस साधारण वीस-पंचवीस मिनिटेच मावतात, आणि तबकडी वाजविण्याचे यंत्र सुखवस्तू घरांतच असे. कॅसेट आली तेव्हा साठ मिनिटांच्या फितीची एक बाजू अर्धा तास चालू लागली आणि ती वाजविणारे यंत्र हातात धरून नेता येऊ लागले. ज्या सोसायटीस वाद्यवृंद परवडत नसे, ती गच्चीवर एक टेपरेकॉर्डर आणि दोन भोंगे लावून नवरात्र साजरे करू लागली. मध्येच गाणे संपून शांतता पसरण्याची भीती उरली नाही. ‘नॉनस्टॉप’ हा शब्द कॅसेटच्या वेष्टनावर छापला जाऊ लागला, तो या गच्च्यांसाठी. १९८३ मध्ये टी-सिरीज बाजारात उतरल्यावर कॅसेटची किंमत आणखी खाली आली. नकली फितींचा बाजारही तितकाच फोफावला, आणि त्यामुळे कोणत्या कलावंताच्या किती फिती खपल्या याचा खरा हिशेब कोणाच्याच वहीत नाही. खप अफाट आणि जमेची बाजू कोरी, असे हे खाते.

परंपरेचे अभिमानी तेव्हा नाराज झाले, हे स्वाभाविकच होते. माताजीच्या आराधनेत काँगो आणि चित्रपटगीते कशाला, हा प्रश्न विचारला गेला आणि तो निरर्थक नव्हता. परंतु चालींची देवघेव आपल्या समाजास नवी आहे असे कोणी म्हणू नये. मंदिरातील भावनेच्या वेळी जी स्तवनांची पुस्तिका हाती येते, तिच्यात कित्येक स्तवनांवर कंसात चित्रपटगीताचा पहिला चरण ‘तर्ज’ म्हणून छापलेला असतो. शब्द भगवंताचे, चाल बाजारातील. ज्येष्ठ श्रावकही ते तल्लीन होऊन गातात.

बबला-कांचन यांच्या कारकीर्दीचा सर्वांत विलक्षण भाग मात्र मुंबईत घडला नाही. तो समजण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते. १८३८ साली भारतीय मजुरांची पहिली जहाजे तेव्हाच्या ब्रिटिश गयानात पोहोचली. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज त्रिनिदादच्या किनाऱ्यास लागले. १८७३ मध्ये ‘लल्ला रूख’ सुरिनामला पोहोचले. उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गयानात सुमारे २ लाख ३९ हजार, त्रिनिदादमध्ये सुमारे १ लाख ४४ हजार आणि सुरिनाममध्ये सुमारे ३४ हजार माणसे गेली. बहुतेक भोजपुरी मुलखातील. करार संपले, परत येणारे थोडे, राहणारे अधिक. भाषा हळूहळू गेली, गाणी राहिली. लग्नाच्या आधी बायकांनी माती आणावयास जाताना म्हणावयाची गाणी, ढोलक आणि धनताल नावाची लोखंडी कांब, एवढी शिदोरी तिथे चार पिढ्या पुरली. १९७०च्या सुमारास त्रिनिदादच्या सुंदर पोपो या गायकाने ती गाणी गिटार आणि इंग्रजी शब्द घालून ध्वनिमुद्रित केली. त्या प्रकारास तेथील लोक ‘चटणी’ म्हणतात. नाव सार्थ आहे.

१९८०च्या दशकाच्या प्रारंभी बबला-कांचन यांनी हीच गाणी उचलली. ‘कैसे बनी’ हे सुंदर पोपोचे गाणे कांचन यांनी मुंबईच्या वाद्यमेळासह आणि डिस्कोच्या ठोक्यावर गायिले, आणि ते पोर्ट ऑफ स्पेनपासून जॉर्जटाउनपर्यंत गाजले. पाठोपाठ माँटसेराट बेटावरील ॲरो या गायकाचे ‘हॉट हॉट हॉट’ हे गाजलेले गीत ‘कुछ गडबड है’ या हिंदी रूपात आले. या मालाचा प्रवास व्यापाऱ्याच्या नजरेने पाहण्याजोगा आहे. बिहारच्या खेड्यातील गाणे जहाजाने वेस्ट इंडीजला गेले. तेथे शंभर वर्षे राहून गिटार घेऊन बाहेर पडले. मुंबईत एका कच्छी तालवाद्यकाराने त्यावर अमेरिकेतील ठोका चढविला, मराठी घरातील गायिकेने ते भोजपुरीत गायिले, आणि तयार माल पुन्हा वेस्ट इंडीजला निर्यात झाला. ‘सोका’ हा तेथील नाचाचा प्रकार तर मुळातच अर्धा आपला होता. त्याचा प्रवर्तक लॉर्ड शॉर्टी याने भारतीय मजुरांच्या ढोलकावरून ठेके घेतले होते आणि १९७३ साली ‘इंद्राणी’ नावाचे गीत केले होते. कच्चा माल, पक्का माल, फेरनिर्यात, या सर्व संज्ञा येथे लागू पडतात.

गयाना, त्रिनिदाद, सुरिनाम आणि तेथून हॉलंड-न्यूयॉर्कला गेलेल्या कुटुंबांत कांचन हे नाव आजही आदराने घेतले जाते. ज्या लोकांना हिंदीचे शब्द कळत नव्हते, त्यांनी ते उच्चारांवरून पाठ केले. याची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. मुंबईचा वाद्यमेळ मोठा, ध्वनिमुद्रण सफाईदार, त्यापुढे बेटावरील कलावंताची मूळ ध्वनिफीत फिकी पडे, आणि आपल्याच गाण्यावर बाहेरचे धंदा करतात ही भावना तेथे निर्माण झाली असल्यास ती समजण्यासारखी आहे. गावातील लहान दुकानासमोर शहराची मोठी पेढी येऊन उभी राहिली की काय होते, हे आपणही पाहतो. मात्र बबला-कांचन यांच्यामुळे ‘चटणी’स जो श्रोता मिळाला, तो पुढे तेथील गायकांनाही मिळाला, हेही तितकेच खरे.

त्याच काळात मुंबईतच आणखी एक प्रयोग झाला आणि तो पुरता आपटला. चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतातील गिटारवादक. त्यांनी रोलंड या जपानी कंपनीची तीन नवी यंत्रे घेतली आणि १९८२ साली भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस इत्यादी दहा रागांचे आलाप डिस्कोच्या ठोक्यावर बसविले. तबकडीस ग्राहक मिळाला नाही. त्या यंत्रांपैकी दोनांचा उपयोग शिकागोच्या मुलांनी पुढे केला आणि १९८७च्या सुमारास त्यांच्या संगीतास ‘ॲसिड हाउस’ म्हणू लागले. २०१० साली हॉलंडच्या एका संग्राहकाने चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा जगास कळले की हे मुंबईत पाच वर्षे आधीच होऊन गेले होते. सत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. ते २०१५ साली वारले. बबलांचा माल खपला आणि चरणजित सिंगांचा पडून राहिला, याचे कारण गुणवत्तेत शोधू नये. बबलांजवळ नवरात्र होते. नऊ रात्रींचे हमखास गिऱ्हाईक ज्याच्यापाशी आहे, त्यास प्रयोग करणे परवडते.

आता पैशाचा प्रश्न. कल्याणजी-आनंदजींच्या संगीताकडे पाश्चात्त्य डीजेंचे लक्ष १९९०च्या दशकाच्या अखेरीस गेले, आणि ‘बॉम्बे द हार्ड वे’ नावाची एक संपूर्ण तबकडी त्यांच्या पार्श्वसंगीताचे तुकडे जोडून काढण्यात आली. २००५ मध्ये ‘ब्लॅक आइड पीज’ या अमेरिकी संचाने ‘डॉन’ (१९७८) आणि ‘अपराध’ (१९७२) या चित्रपटांतील गीतांचे तुकडे घेऊन एक गीत केले. त्यास ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि मूळ चालीचे निर्माते म्हणून कल्याणजी-आनंदजींना अमेरिकेतील बीएमआय या संस्थेचा सन्मान मिळाला. हे सर्व रीतसर घडले, कारण तोवर एक धडा मिळालेला होता. बप्पी लाहिरी यांच्या ‘ज्योती’ चित्रपटातील लताबाईंचे गीत एका अमेरिकी तबकडीत २००२ साली परस्पर वापरले गेले. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले, आणि लाहिरींचे नाव घातल्याखेरीज तबकडी विकू नये असा आदेश २००३ मध्ये झाला.

आपल्याकडील कायदा मात्र गायकाच्या बाबतीत फार काळ उदासीन राहिला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माताच होय. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निर्णयास जोडलेल्या टिपणात गायकाला आपल्या कायद्यात काहीच हक्क नसल्याबद्दल खेद व्यक्त केला होता. संसदेने त्याची दखल १९९४च्या दुरुस्तीत प्रथम घेतली आणि कलावंताचा स्वतंत्र हक्क मान्य केला. संगीतकार आणि गीतकार यांचा स्वामित्वधनाचा वाटा परस्पर लिहून घेता येणार नाही, ही तरतूद २०१२ साली आली. म्हणजे कांचन यांनी १९७५ आणि १९८० साली जी गीते गायिली, तेव्हा त्यांच्या आवाजावर त्यांचा कायदेशीर हक्क शून्य होता. बिदागी घेतली की व्यवहार संपला, ही तेव्हाची सर्वसाधारण रीत. लताबाईंसारखी एखादीच स्वामित्वधनासाठी भांडू शके. ज्या समाजात भागीदारीचा करार स्टँपपेपरवर केल्याविना कोणी गोणी उचलत नाही, त्या समाजातील तरुण आज संगीताच्या क्षेत्रात जात आहेत. त्यांच्या पालकांनी मुलगा ढोल वाजवितो याची चिंता कमी करावी आणि तो कोणत्या कागदावर सही करतो याची अधिक करावी.

हे तरुण आहेत, आणि थोडे नाहीत. अंधेरी, मालाड, बोरिवलीच्या सदनिकांत खिडकीस रजई टांगून संगणकावर ठेके बनविणारी मुले आढळतात. पूर्वी वीस वादकांचा संच, त्यांच्या वाहतुकीचा टेंपो आणि रात्रीचे जेवण एवढा खर्च होता. आता एक संगणक, एक छोटे यंत्र आणि दोघे मित्र पुरतात. भांडवल कमी झाले, स्पर्धा वाढली, आणि ज्या वादकांनी उभी हयात वाद्यवृंदात काढली त्यांची रोजी गेली. मोठ्या मैदानांवर मात्र प्रत्यक्ष वाद्यवृंदाचा मान टिकून आहे. फाल्गुनी पाठक यांच्या नावावर बोरिवलीचे मैदान भरते, प्रीती-पिंकी या भगिनींना स्वतःचा श्रोतृवर्ग आहे. ठोका तोच, मिनिटाला सव्वाशेच्या आगेमागे. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातली आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस बाराची सवलत. ती सवलत नवरात्रातील कोणत्या रात्रींना द्यावी यावर दरवर्षी आयोजकांची धावपळ चालते. परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा आणि शेजारच्या इमारतीतील रुग्ण यांचे म्हणणे त्या धावपळीत क्वचितच ऐकले जाते.

कांचन यांचे २००४ साली निधन झाले. मुंबईच्या वृत्तपत्रांपेक्षा वेस्ट इंडीजमधील घरांत त्याचे दुःख अधिक झाले असेल. बबलांनी वाद्यवृंद चालू ठेवला, आणि पुढे त्यात घरची मुलेही आली. २०१७ साली ‘रईस’ या चित्रपटात ‘लैला’ नव्याने केले गेले. संगीत राम संपत यांचे, आवाज पावनी पांडे यांचा. चाल आणि शब्द जुने असल्याने मूळ संगीतकार आणि गीतकार यांचे नाव आले. आवाज नवा असल्याने मूळ गायिकेचा त्या व्यवहारात कोठे संबंध येत नाही, कायदा तसाच आहे. जुन्या ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे चालतो. ‘कुर्बानी’ १९८०चा, म्हणजे कांचन यांच्या आवाजातील ते गीत ३१ डिसेंबर २०४० पर्यंत कंपनीच्या खात्यावर राहील.